फिलिप्सबर्गची नोकरी घेण्याआधी

ज्वेलरीच्या दुकानात अकाउंट्सची नोकरी मिळतेय, तर बायको-मुलीला घेऊन कॅरिबियनमधल्या सेंट मार्टिन बेटावर यावं का आणि 'डच' बेट म्हणजे पुढे युरोपचा रस्ता मोकळा का, असं तुम्ही विचारलंय. रस्त्याचं आधी सांगतो: नाही. बेटाची ही डच बाजू, जिची राजधानी फिलिप्सबर्ग, 2010 पासून नेदरलँड्सच्या राजमुकुटाखालचा स्वायत्त देश आहे, पण युरोपियन युनियनच्या बाहेर. गंमत म्हणजे फ्रेंच बाजू युनियनमध्ये आहे. 1648 च्या करारानं बेट वाटलं गेलं, तरी मध्ये ना कुंपण ना चौकी. म्हणून पलीकडे कामही करता येईल, असं मात्र समजू नका.

इथली माणसं समजायची तर मिठापासून सुरुवात करा. फिलिप्सबर्गच्या ग्रेट सॉल्ट पाँड या खाऱ्या तळ्यातून गुलामांनी मीठ उपसलं. फ्रेंचांनी 1848 मध्ये गुलामी संपवली, डचांनी थेट 1863 मध्ये. मधल्या काळात पलीकडे पळून गेलं की माणूस मोकळा. मिठाचा धंदा बसला तशी माणसं अरूबा-कुरसावच्या तेल रिफायनऱ्यांकडे गेली. पर्यटन आलं तशी हैती, डोमिनिकन रिपब्लिक, गयाना, जमैकाहून माणसं आली. फिलिप्सबर्गच्या फ्रंट स्ट्रीट या बाजाररस्त्यावर सिंधी दुकानदारांनी बस्तान बसवलं. मूळचे बेटकरी स्वतःच्याच घरात अल्पसंख्य झाले. दुकानातल्या भारतीयांबद्दल थोडी अढी जाणवेल, ती यातली आहे. बेटकऱ्यांशी ओळखी वाढवा, नुसते आपल्यातच राहू नका.

खरी मेख परमिटची. वर्क परमिट मालकामार्फत निघतो, त्यामुळे नोकरी गेली की राहण्याचंही संकट. सहा-सहा महिन्यांची कॉन्ट्रॅक्टं इथलं जुनं दुखणं आहे. मुदत, परतीचं तिकीट, कुटुंबाचा परमिट, सगळं लेखी घ्या. 'आपला माणूस आहे' यावर जाऊ नका.

6 सप्टेंबर 2017 ला इर्मा वादळानं बहुतेक घरांची वाताहत केली, पाठोपाठ लुटालूटही झाली. विमानतळाची इमारत पूर्ण उभी राहायला 2024 उजाडलं. फिलिप्सबर्गमध्ये त्याच मिठाच्या तळ्यात कचऱ्याचा डोंगर आहे, तो अधूनमधून पेटतो. मुलीला दमा असेल तर घर त्या बाजूला नको. भाडं ठरवण्याआधी खिडक्यांची वादळी शटर आणि पाण्याची टाकी बघा, जनरेटरचं विचारा.

आधी एकटे या. जून ते नोव्हेंबर हा वादळांचा मोसम एकदा काढा, मग मुलीच्या शाळेचं बोलू.