लेकाला कॉलेज नको, बँड हवाय

मस्कतहून एका ताईंनी लिहिलंय. मुलगा १७ चा, अकरावी झाली, दिवसरात्र ड्रम्स, आणि आता म्हणतो निर्वाणा ह्या अमेरिकन रॉक बँडचा ड्रमर डेव्ह ग्रोल, त्याने पण शाळा सोडलेली, मी पण सोडतो, दादरला आजीकडे राहतो आणि बँड शोधतो. बाबा भडकलेत, आजी म्हणते येऊ दे की, आणि ताई बिचाऱ्या मधल्या मधे.

ताई, त्याला खोटं पाडायला जाऊ नका, कारण गोष्ट खरी आहे. ग्रोलने १७ व्या वर्षी शाळा सोडली, आणि आई स्वतः शाळेत शिक्षिका, बोला आता! पण ही पोरं मधली वर्षं सोयीस्करपणे गाळतात. तो उठून थेट निर्वाणात गेला नाही, गेला स्क्रीम नावाच्या पंक बँडमध्ये, वय वाढवून सांगून, त्यांच्याबरोबर व्हॅनमधून गावोगाव हिंडला आणि १९९० मध्ये टूर चालू असतानाच बास गिटारवाला निघून गेला, बाकीचे लॉस एंजेलिसमध्ये अडकले. तिथून ग्रोलने मेल्व्हिन्स ह्या दुसऱ्या बँडच्या बझ ऑस्बोर्नला फोन लावला तेव्हा कळलं की निर्वाणाला ड्रमर हवाय, आणि निर्वाणाच्या कोबेन-नोव्होसेलिकनी ह्याला स्क्रीमबरोबर वाजवताना आधीच बघितलेलं. तेव्हा तो २१ चा होता. पुढच्या सप्टेंबरात निर्वाणाचा नेव्हरमाइंड अल्बम आला आणि सगळे म्हणाले, रातोरात स्टार.

म्हणून मी त्याला एकच विचारेन, तू वाजवतोस कोणाबरोबर? बेडरूममध्ये हेडफोन लावून यूट्यूबवर फास्ट फिल (दोन ओळींमधले ड्रम्सचे तुकडे) मारणारे ढिगाने आहेत हो. गायक मध्येच अंतरा विसरला की त्याला सांभाळून परत समेवर आणणं हे माणसांत बसल्याशिवाय येत नाही. मस्कतच्या मंडळाच्या गणपतीत ऑर्केस्ट्रा असेल तर आधी तिथे बसवा त्याला, नाक मुरडेल, मुरडू दे.

बारावी मात्र होऊ द्या, एका वर्षाचा तर प्रश्न आहे. सुट्टीत खुशाल मुंबईला पाठवा. फक्त दादरच्या फ्लॅटमध्ये ड्रम किट नको. इलेक्ट्रॉनिक किटचा आवाज येत नाही असं दुकानदार सांगतो, पण पायाने मारायच्या किक पेडलची धपधप स्लॅबमधून खालच्यांच्या डोक्यात जाते आणि मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये आजीला ऐकून घ्यावं लागतं. घरी प्रॅक्टिस पॅड (सरावाची रबरी थाळी) आणि मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) बस झालं (ग्रोल तर उशांवर शिकला), आणि आठवड्यातून दोनदा तासावर जॅम रूम, म्हणजे बँडच्या सरावाची खोली, घ्यायची, अंधेरीकडे मिळतात, बँडवाली पोरं तिथेच भेटतात.

पैशाचं पण आत्ताच बोलून घ्या. आपल्याकडे नुसत्या रॉकवर घर चालवणं कठीण, मुंबईचं इंडिपेंडन्स रॉक फेस्टिव्हल १९८६ पासूनचं असलं तरी. इथले ड्रमर स्टुडिओत वाजवतात, लग्नात वाजवतात, क्लास घेतात. ड्रमर रणजित बारोट बघा, कथक नर्तिका सितारादेवींचा मुलगा, इथे हिंदी सिनेमाचं काम केलं आणि ब्रिटिश जॅझ गिटारिस्ट जॉन मॅकलॉफ्लिनच्या बँडमध्येही वाजवलं. बाबांना हे नाव सांगा, ग्रोलपेक्षा जास्त पटेल.

आणि हो, इअरप्लग आजच घ्या. बंद खोलीत ड्रम्स १०० डेसिबलच्या वर आरामात जातात, आणि गेलेलं ऐकू परत येत नाही. पोरगं म्हणेल कूल दिसत नाही, तरी घालायला लावा.