थायरॉइडची गोळी : डोस वाढवण्याआधी

प्रश्न : माझे वय ४६ आहे. चार वर्षांपासून थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे. दोन महिन्यांपूर्वी टीएसएच (थायरॉइड कमी पडले की रक्तात वाढणारे संप्रेरक) ९.२ आल्यामुळे डॉक्टरांनी डोस ७५ केला. थकवा जाईना, म्हणून तीन आठवड्यांनी मी स्वतःच रक्त तपासून घेतले, टीएसएच ६.८ आले. तेव्हापासून जुन्या बाटलीतील ५० च्या दोन गोळ्या रोज एकदम घेते. सकाळच्या चहाबरोबर हीच आणि कॅल्शियमची गोळी घेते. आता मधूनच छातीत धडधडते, झोप लागत नाही, वजन मात्र उतरलेले नाही. डोस आणखी वाढवावा का? – एक वाचक, सांगली

उत्तर : वाढवू नये. धडधड आणि निद्रानाश ही डोस जास्त झाल्याची लक्षणे असू शकतात, म्हणून याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावे आणि आपण १०० घेत आहात हे त्यांना न लपवता सांगावे. छातीत दुखले, दम लागला किंवा चक्कर आली, तर मात्र भेटीची वेळ ठरवत न बसता थेट रुग्णालय गाठावे.

तीन आठवड्यांनी आलेला ६.८ हा आकडा अर्ध्या वाटेवरचा होता. या गोळीतील लेव्होथायरॉक्सिनचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे डोस बदलल्यावर ते नव्या पातळीवर स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात आणि मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच त्याच्या मागोमाग, सावकाश खाली आणते. ९.२ वरून ६.८ म्हणजे औषध लागू पडत होते. म्हणूनच पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी सांगितली जाते. रक्त देण्याच्या दिवशी गोळी नमुना दिल्यानंतर घ्यावी.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती चहा आणि कॅल्शियमची गोष्ट. कॅल्शियम आतड्यात या औषधाला धरून ठेवते आणि ते रक्तात पुरेसे उतरत नाही. लोहाच्या गोळ्या आणि काही अँटासिडही हेच करतात. कॅल्शियम गेल्या वर्षभरात सुरू झाले असेल, तर टीएसएच ९.२ पर्यंत का चढले याचे उत्तर कदाचित तिथेच सापडेल आणि मूळचा ५० चा डोस अपुरा नव्हताच, असेही निघू शकेल. थायरॉइडची गोळी अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी, चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने आणि कॅल्शियम किमान चार तासांनी, म्हणजे दुपारच्या जेवणानंतर घ्यावे. सकाळी चहा लांबवणे जमतच नसेल, तर रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी गोळी घेण्याची मुभा डॉक्टरांकडून घेता येते. पण सावध असावे : कॅल्शियम बाजूला केले की तीच गोळी अधिक शोषली जाईल, त्यामुळे डोस किती ठेवायचा हे त्याच भेटीत ठरवून घ्यावे आणि सहा आठवड्यांनी पुन्हा टीएसएच पाहावे. केस गळतात म्हणून बायोटिन घेत असाल, तर तेही सांगावे. काही प्रयोगशाळांच्या पद्धतीत त्यामुळे टीएसएच खोटेच कमी दिसते, म्हणून ते तपासणीआधी किमान दोन दिवस बंद ठेवतात.

ही वजन उतरवण्याची गोळी नाही. गरजेपेक्षा जास्त घेतल्यास हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि हाडे, विशेषतः पाळी थांबल्यानंतर, झिजतात. हाडांसाठी कॅल्शियम घ्यायचे आणि हा डोस मनाने वाढवायचा, हे परस्परांना छेद देणारे आहे. टीएसएच योग्य पातळीत येऊनही थकवा राहिला, तर हिमोग्लोबिन, बी-१२ आणि साखर तपासावी.

प्रश्न : सुनेला दिवस गेले आहेत. ती थायरॉइडची गोळी घेते. गर्भारपणात ती बंद करावी का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : अजिबात नाही. पहिल्या महिन्यांत बाळ आईच्याच थायरॉइड संप्रेरकावर अवलंबून असते आणि डोस बहुधा पाव ते एक तृतीयांशाने वाढवावा लागतो. त्यामुळे पुढच्या नेहमीच्या भेटीची वाट न पाहता आजच डॉक्टरांना कळवावे. गर्भारपणाच्या निम्म्या काळापर्यंत सुमारे दर चार आठवड्यांनी टीएसएच पाहतात. बाळंतपणानंतर डोस सहसा पूर्वीइतका करून सहा आठवड्यांनी पुन्हा तपासतात.