सोलापूर ते पुणे, कुत्र्याला गाडीतून नेताना

अरे पहिल्यांदाच नेतोयस ना, मग एकदम पुण्याला नको काढूस, आधी विजापूर रोडला नाहीतर तुळजापूरच्या बाजूला अर्धा-एक तास फिरवून आण, गाडीचं हलणं अंगवळणी पडू दे त्याच्या. निघायच्या तीन-चार तास आधी खाणं बंद, पाणी चालू. नाहीतर मोहोळ यायच्या आत सीटवर उलटी ठरलेली.

मागच्या सीटवरच बसव, छातीला हार्नेस घालून तो सीटबेल्टला अडकव, गळ्यातल्या पट्ट्याला नको, ब्रेक लागला की मानेला हिसका बसतो. मांडीवर घेऊन ड्रायव्हिंग तर नाहीच बे.

खरी भीती आपल्या उन्हाची. एप्रिल-मेमध्ये इथं पारा 40 च्या वर आणि कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच अंग गार करतं ते, त्यामुळं पहाटेच निघ. टेंभुर्णीला चहाला उतरलात तर एकानं एसी चालू ठेवून गाडीतच थांबायचं, काच दोन बोटं उघडी ठेवून काही उपयोग नाही, आत भट्टी होते. लाळ घट्ट, हिरड्या लालभडक, चालताना झोकांड्या असं दिसलं की सावलीत घे, अंगावर साधं पाणी ओत, वारा लाव आणि थेट डॉक्टर गाठ. डांबरावर हात टेकवत नसेल तर त्यालाही उतरवू नको.

हां, आणि शेंगा चटणी-भाकरी कितीही तोंडाकडं बघत बसला तरी देऊ नको, त्यात लसूण असतो, कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो.