त्याच्या उड्या नको, त्याचं तोंड बघ

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. वर्षभर राखीव बसल्यावर आता कुठं पहिल्या संघाचं दार किलकिलं झालं होतं, तेवढ्यात क्लबनं छत्तीस वर्षांचा गोलकीपर आणला. राग येणारच. पण ‘दोन वर्षांत तो संपेल, मग मी आहेच’ असं जे लिहिलंस, ते मला पटलं नाही. गोलकीपर इतक्या लवकर संपत नाहीत. इटलीच्या डिनो झॉफनं 1982 चा फुटबॉल विश्वचषक उचलला तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता. इटलीचाच गोलकीपर बुफॉन 2023 मध्ये निवृत्त झाला, पंचेचाळिसाव्या वर्षी. नुसती वाट बघत बसलास तर म्हातारा तूच होशील.

आणि तोही तिथं नवखाच आहे, हे विसरू नकोस. गोलकीपर पीटर चेक इंग्लंडच्या चेल्सी क्लबात अकरा हंगाम काढून 2015 मध्ये आर्सेनल क्लबला गेला. लीगमधला पहिलाच सामना, घरचं मैदान, समोर वेस्ट हॅम. आर्सेनल 0-2 हरलं आणि दोन्ही गोलांचं खापर त्याच्यावर फुटलं. त्याच हंगामात 16 क्लीन शीट, म्हणजे एकही गोल न खाल्लेले सामने, राखून सर्वाधिक क्लीन शीटचा गोल्डन ग्लोव्ह पुरस्कारही त्यानंच नेला. क्लब बदलला तरी हात तेच राहतात. समोरची बचावफळी मात्र नवी असते, आणि तिच्याशी जुळायला वेळ जातो.

म्हणून त्याच्या उड्या बघू नकोस. त्या तुलाही येतात, बहुधा त्याच्यापेक्षा बऱ्या. त्याचं तोंड बघ. कॉर्नर यायच्या आधी तो कोणाला नावानं हाक मारतो, जवळच्या खांबापाशी कोणाला उभं करतो, क्रॉस, म्हणजे बाजूनं गोलसमोर टाकलेला बॉल, आला की ‘माझा!’ किती लवकर ओरडतो. उशिरा ओरडलेलं ‘माझा’ गप्प राहण्यापेक्षा वाईट. डिफेंडर अर्ध्यात थांबतो आणि बॉल दोघांच्या मधून जातो. शिवाय 1992 पासून सहकाऱ्यानं पायानं दिलेला बॅकपास हातात घेता येत नाही. त्यामुळे कोणत्या स्टॉपरला, म्हणजे मधल्या बचावपटूला, बॉल डाव्या पायावर हवा असतो, दबाव आला की कोण घाबरून पुन्हा गोलकीपरकडेच ढकलतो, हे तो महिन्याभरात हेरेल. तू तिथं वर्षभर आहेस. तुला ठाऊक आहे का? खरं सांग.

ठाऊक असेल तर त्याला जाऊन सांग. यात भोळेपणा नाही. सरावात दिवसभर तुम्हीच दोघं एकमेकांसमोर असणार. तू दिलंस तर तोही देईल. गोलकीपर व्हॅन डर सार चौतिसाव्या वर्षी मँचेस्टर युनायटेडला आला. लीगमध्ये सलग 1,311 मिनिटं गोल न खाण्याचा त्याचा विक्रम चौथ्या हंगामातला, म्हणजे फर्डिनांड आणि विदिच या बचावपटूंशी सूर जुळल्यानंतरचा. बुफॉन 2019 मध्ये आपल्या जुन्या युव्हेंटस क्लबला परतला तो गोलकीपर श्चेन्स्नीच्या मागे दुसरा म्हणून. 1 नंबरची जर्सी त्यालाच राहू दिली आणि स्वतः 77 घेतली. तुझा हा पाहुणा तसा मोठ्या मनाचा निघेलच असं नाही. खडूस निघाला तरी डोळे उघडे ठेव.

एक मात्र सांगतो. हंगामभर सामने मिळाले नाहीत तर लोन माग, म्हणजे तात्पुरतं दुसऱ्या क्लबकडं खेळायला जा, अगदी खालच्या डिव्हिजनमध्येही जा. दोन हंगाम नुसत्या सरावावर काढलेला गोलकीपर मला कधीच भरवशाचा वाटला नाही.

येत्या सराव सामन्यात त्याच्या गोलमागे उभा राहा आणि तो काय काय ओरडला ते लिहून पाठव. वाचवलेल्या शॉटचं वर्णन नको.

तुझा,
जुना कोच