वचन कोणी म्हटलं, कोणाला म्हटलं

प्रिय बाळा,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तरुण संघाच्या सभेत तू पहिल्यांदाच संदेश देणार आहेस, याचा मला किती आनंद झाला ते कसं सांगू! तुझं टिपण दोनदा वाचलं. मनापासून लिहिलं आहेस. शेवटी तू जो प्रश्न विचारलास, त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र. तू म्हणतेस, "बाई, प्रार्थना करून वचन उघडलं की पवित्र आत्मा अर्थ देतो. मग अर्थ लावायचे नियम कशाला? ते सेमिनरीत, पाळकांच्या विद्यालयात, शिकणाऱ्यांसाठी."

तू निवडलेल्या वचनापासूनच सुरुवात करू. यिर्मया २९:११. देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. हे वचन आपल्याकडे कॅलेंडरवर असतं, दहावीच्या निकालाच्या दिवशी मोबाइलवर येतं, नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या मुलाला आई म्हणून दाखवते. तुझ्या टिपणातही ते नोकरी आणि लग्न यांवर येऊन थांबलं आहे. आता त्याच्या आधीचा अध्याय उघड. बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, राजाने यरुशलेमातली पुष्कळ माणसं कैद करून नेली आहेत. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात, सगळ्या लोकांसमोर सांगतोय की दोन वर्षांच्या आत बाबेलचं जू मोडेल आणि नेलेली माणसं परत येतील. ऐकायला किती गोड! यिर्मया संदेष्टा मात्र बाबेलात नेलेल्या लोकांना पत्र लिहितो: घरं बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्नं करा, ज्या नगरात तुम्हांला नेलं आहे त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा. आणि दहाव्या वचनात म्हणतो, सत्तर वर्षं भरल्यावर देव तुम्हांला परत आणील.

सत्तर वर्षं! पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना यरुशलेम पुन्हा दिसणार नव्हतं. हे सांगून झाल्यावर अकरावं वचन येतं. म्हणजे ज्यांची सुटका त्यांच्या डोळ्यांदेखत होणार नव्हती, अशा एका संपूर्ण समाजाला देव म्हणतोय की मी तुम्हांला विसरलेलो नाही. आपण मात्र यिर्मयाचे शब्द घेतो आणि त्यांत हनन्याचा संदेश भरतो: लवकरच सगळं ठीक होईल. तुझ्यासमोर बसलेल्यांपैकी एखाद्याला तीन वर्षं नोकरी नसेल. तू "देवाने तुझ्यासाठी चांगली नोकरी ठेवली आहे" म्हणालीस आणि ती मिळाली नाही, तर तो तुला दोष देणार नाही. तो देवाला खोटं ठरवेल, नाहीतर स्वतःच्या विश्वासातच काहीतरी खोट आहे असं समजेल. अर्थ लावण्याचे नियम मला महत्त्वाचे वाटतात ते याचसाठी. आपल्या तोंडून जे निघतं त्यापासून ऐकणाऱ्याचं रक्षण व्हावं म्हणून ते आहेत.

पहिला नियम एवढाच: हे कोण बोलतंय, कोणाला, आणि कशावरून विषय निघाला? यात किती दडलेलं असतं ते ईयोबाच्या पुस्तकात बघ. "तुझा आरंभ अल्प असला तरी तुझा शेवट फार मोठा होईल" हे ईयोब ८:७. दुकानाच्या उद्घाटनाला, नव्या घराच्या उपकार प्रार्थनेला हे वचन मी कितीदा ऐकलंय. पण ते बोलतोय कोण? बिल्दद शूही. ईयोबाची सात मुलं आणि तीन मुली घर कोसळून मेली आहेत, अंगभर फोडं आहेत, आणि त्या बापासमोर बसून हा मित्र तीनच वचनं आधी म्हणतो की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल म्हणून त्यांना त्याचं फळ मिळालं. तू मात्र नीट वाग, म्हणजे तुझं भलं होईल. त्या बोलण्यातलं हे वाक्य आहे. आणि पुस्तकाच्या शेवटी, ४२:७ मध्ये, देव ईयोबाच्या मित्रांवर संतापून म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी योग्य ते बोलला नाहीत.

तू हुशार आहेस, लगेच म्हणशील, पण बाई, ईयोबाचा शेवट खरंच त्याच्या आरंभापेक्षा मोठा झाला की! झाला, ४२:१२ मध्ये तसंच लिहिलंय. पण बिल्ददाने सांगितलेल्या कारणाने झाला नाही. पापाची शिक्षा संपली म्हणून ईयोबाला परत मिळालं, असं पुस्तक कुठेही म्हणत नाही. उलट त्या मित्रांसाठीच ईयोबाला प्रार्थना करावी लागली. शब्द पवित्र शास्त्रात छापलेले आहेत एवढ्यावरून ते देवाचं मत होत नाही. मत्तय ४ मध्ये सैतानसुद्धा ९१ वं स्तोत्र म्हणून दाखवतो. प्रभू येशू त्याला शास्त्रातल्याच 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातल्या दुसऱ्या वचनाने उत्तर देतो. शास्त्राचा अर्थ शास्त्राच्या सोबतीने लावायचा, हे तिथून शिक.

दुसरी गोष्ट, लिखाणाचा प्रकार. नीतिसूत्रे २६:४ म्हणतं मूर्खाला त्याच्या मूर्खपणासारखं उत्तर देऊ नको, आणि लगेच पाचवं वचन म्हणतं दे. यात चूक काहीच नाही. सुभाषितं अशीच असतात. कुठलं कधी लागू होतं ते ओळखणं हेच शहाणपण. त्याच पुस्तकात आहे की मुलाला योग्य मार्गाचं शिक्षण दे, म्हणजे म्हातारपणीही तो त्यातून फिरणार नाही. एका बहिणीचा मुलगा दारूच्या नादी लागला, तेव्हा तिच्याच मंडळीतल्या कोणीतरी हे वचन तिच्या तोंडावर फेकलं. ती कित्येक महिने प्रभुभोजनाला उठली नाही. सुभाषिताला हमीपत्र समजलं की असं होतं. त्या बाईचा चेहरा मला आजही आठवतो आणि राग येतो.

हे केवळ आपल्या मंडळीपुरतं नाही. उत्पत्ति ९ मध्ये नोहा शाप देतो तो कनानाला, म्हणजे आपला मुलगा हाम याच्या मुलाला. तिथे कोणाच्या कातडीच्या रंगाचा शब्दही नाही. तरी तोच उतारा "हामाचा शाप" म्हणून अमेरिकेत पिढ्यान् पिढ्या सांगितला गेला आणि आफ्रिकेतून बांधून आणलेल्या माणसांना जन्मतःच गुलाम ठरवलं गेलं. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी बायबलमधले निवडक भाग छापले, त्यांतून इस्राएल लोकांच्या मिसरातल्या (इजिप्तमधल्या) गुलामीतून सुटकेची कथा वगळली होती. ज्यांना सुटकेची सर्वांत जास्त गरज, त्यांच्याच हातून ती काढून घेतली! आपल्याकडच्या कितीतरी विश्वासू घरांच्या पूर्वजांना जन्मावरूनच गावाबाहेर ठेवलं गेलं होतं. जन्मावरून शाप लावणारं वाचन आपण तरी कधीच निमूट ऐकून घेऊ नये.

भविष्यवाणीबद्दल थोडक्यात सांगते. विल्यम मिलर या अमेरिकन प्रचारकाने दानीएल ८:१४ मधल्या २३०० दिवसांची वर्षं करून हिशेब मांडला, आणि अखेर त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा प्रभूच्या येण्याचा दिवस धरला. अनेकांनी कामधंदे सोडले. दिवस आला आणि गेला. तो दिवस पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही, असं मार्क १३:३२ मध्ये प्रभू स्वतः स्पष्ट म्हणतो. कठीण वचनाचा अर्थ सोप्या वचनाच्या उजेडात लावायचा, उलट नाही.

आता तुझा पवित्र आत्म्याचा मुद्दा. तो मी हलक्यात घेत नाही. प्रार्थनेशिवाय मीही शास्त्र उघडत नाही. पण प्रेषितांची कृत्ये ८ वाच. रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचणाऱ्या, आफ्रिकेतल्या कूश देशाच्या अधिकाऱ्याला आत्मा थेट अर्थ सांगू शकला असता. पण त्याने फिलिप्प या सुवार्तिकाला पाठवलं. फिलिप्प विचारतो, वाचताय ते समजतंय का? आणि तो मोठा अधिकारी म्हणतो, कोणी सांगितल्याशिवाय कसं समजेल? १७ व्या अध्यायात बिरुया नगरातले लोक प्रेषित पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्रात तपासून पाहतात, आणि त्याबद्दल त्यांची स्तुतीच केली आहे. पौलाच्या पत्रांत समजायला कठीण अशा काही गोष्टी आहेत आणि काही लोक त्यांचा विपरीत अर्थ करतात, हे तर २ पेत्र ३:१६ मध्येच लिहिलंय. आत्मा आणि अभ्यास यांचं भांडण शास्त्राने कधी लावलेलं नाही. आपल्या पंडिता रमाबाईंनी उतारवयात केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणलं. प्रार्थनेत त्यांच्याहून कमी पडलेली माणसं आळसाला आत्म्याचं नाव देतात, तेव्हा मला वाईट वाटतं.

आणखी एक कसोटी तुला देते, ती चौथ्या-पाचव्या शतकातल्या ऑगस्टीनची. तो उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप होता. तो म्हणतो, ज्या अर्थाने देवावरची आणि शेजाऱ्यावरची प्रीती वाढत नाही, तो अर्थ लावणाऱ्या माणसाला शास्त्र अजून समजलेलं नाही. फक्त ही कसोटी शेवटी लाव. आधीच लावलीस तर आपल्याला आवडेल तेच प्रीती वाटू लागतं.

तर रविवारसाठी वचन बदलू नकोस, हेच ठेव. यिर्मया २७ ते २९ हे तीन अध्याय एका बैठकीत, मोठ्याने वाच. हनन्याला संदेशात आण; मुलांना तो लगेच ओळखू येईल, कारण तसे संदेश ते रोज यूट्यूबवर ऐकतात. आणि नोकरीबद्दल बोलायचं असेल तर सातव्या वचनावरून बोल: जिथे आपल्याला राहायचं नव्हतं त्या गावाचं भलं करत राहणं म्हणजे काय. टिपण पुन्हा लिहिलंस की शनिवारी संध्याकाळी घेऊन ये. मी घरीच आहे, आणि तुझ्या आईला सांग, जेवूनच जाशील.

तुझ्या बाई