झोपायच्या खोलीतला डीव्हीआर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कोपरखैरण्याला आमचं रो-हाउस आहे. दार, जिना, गच्ची आणि मागची गल्ली असे २ मेगापिक्सेलचे चार कॅमेरे आहेत. सगळ्या वायरी झोपायच्या खोलीत उतरल्या, म्हणून सीसीटीव्हीवाल्याने डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) तिथेच लॉफ्टवर ठेवला. दिवसा जाणवत नाही, पण रात्री एसी बंद केला की घरघर ऐकू येते. आवाज न करणारा नवा डीव्हीआर घ्यावा का?

उत्तर : आधी आवाज नेमका कशाचा आहे ते शोधा. चार चॅनेलच्या बऱ्याच छोट्या डीव्हीआरमध्ये पंखाच नसतो, आवाज हार्ड डिस्कचा असतो. नवा डबा आणून त्यात जुनीच डिस्क बसवली, तर घरघरही तशीच राहील.

डबा चालू असताना झाकणावर तळहात ठेवून हलकेच दाबा. आवाज उतरला तर पत्रा थरथरतोय. डिस्क फिरत असताना डबा उचलू किंवा आपटू मात्र नका. मग मेनूतून शटडाउन करा, स्विच बंद करा, दोन मिनिटं थांबा आणि झाकण उघडून डिस्कच्या दोन्ही केबल काढा. डबा पुन्हा चालू केल्यावर डिस्क नाही म्हणून तो बीप करेल, तिकडे लक्ष देऊ नका. आता खोली शांत झाली असेल तर दोष डिस्कचा. बारीक सूं-सूं उरली तर पंखा आहे.

मिनिटाला ७२०० फेरे घेणारी डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते, ५४०० वाली ९० वेळा. हा कंप डब्यातून खालच्या प्लायवूडमध्ये उतरतो आणि पोकळ फळी तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखा तो मोठा करते. म्हणून पहिला उपाय जवळजवळ फुकटचा आहे. डिस्कचे चारही स्क्रू घट्ट आहेत का पाहा. एक जरी सैल असला तरी खडखड होते. मग डब्याच्या चार कोपऱ्यांखाली साधारण एक सेंटिमीटर जाडीचं मऊ रबर ठेवा. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या घड्याही चालतात. पूर्ण तळाखाली स्पंज किंवा उशी नको, कारण हवेची भोकं बहुधा तळालाच असतात.

एवढ्यानं भागलं नाही तर डिस्क काढून २.५ इंची एसएसडी बसवा. त्यात फिरणारं काहीच नाही, म्हणून आवाजही नाही. सतत लिहून एसएसडी लवकर झिजते, ही भीती खोटी नाही. पण ती किती खरी, हे हिशेबाने ठरतं. तुमचा प्रत्येक कॅमेरा एच.२६५ मध्ये (चित्रण आटोपशीर साठवायची पद्धत) २ एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला २ मेगाबिटने, रेकॉर्ड करत असेल, तर चार कॅमेऱ्यांचे ८ एमबीपीएस. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला १ एमबी. दिवसाला सुमारे ८६ जीबी, वर्षाला साधारण ३१.५ टीबी. सॅमसंग ८७० ईव्हीओच्या १ टीबी मॉडेलला ६०० टीबी लिखाणाची हमी असते. कागदावर ती १९ वर्षं निघते. प्रत्यक्षात निम्मी निघाली तरी पुष्कळ झालं. १ टीबीत साडेअकरा दिवसांचं चित्रण राहतं. आठ कॅमेरे प्रत्येकी ४ एमबीपीएसने चालत असते तर वर्षाला १२६ टीबी झाले असते, पाच वर्षंही निघाली नसती. तिथे एसएसडीचा आग्रह आम्ही धरला नसता. वेस्टर्न डिजिटल पर्पल किंवा सीगेट स्कायहॉकसारखी अखंड रेकॉर्डिंगसाठी बनवलेली डिस्क घेऊन डबाच खोलीबाहेर काढा असं सांगितलं असतं.

खरेदी करताना खोक्यावरचा किंवा कंपनीच्या माहितीपत्रकातला टीबीडब्ल्यू आकडा (एकूण किती टीबी लिखाणाची हमी) पाहा. तो दिलेलाच नसेल तर ती एसएसडी घेऊ नका. काही जुने डीव्हीआर एसएसडी ओळखत नाहीत, म्हणून डबा दुकानात नेऊन लावून बघा आणि मगच पैसे द्या. बसवल्यावर मेनूतून इनिशिअलाइझ करावं लागतं. त्यात एसएसडीवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून ती नवी किंवा रिकामीच असू द्या. जुन्या डिस्कवरचं हवं ते चित्रण डिस्क काढण्याआधीच पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.

आवाज कोंडायला डबा कपाटात बंद करू नका. आतली गरमी वाढते आणि डिस्क लवकर जाते. एप्रिल-मे महिन्यात लॉफ्टवर ती आधीच तापलेली असते.

प्रश्न : घोडबंदर रोडला फ्लॅट आहे. आठ आयपी कॅमेरे (नेटवर्क केबलवर चालणारे), पीओई एनव्हीआर (त्याच केबलमधून कॅमेऱ्यांना वीज देणारा रेकॉर्डर) बेडरूममध्ये. शिट्टीसारखा आवाज येतो. पंख्याची वायर काढली तर चालेल?

उत्तर : मुळीच नाही. तुमचा एनव्हीआर आठ कॅमेऱ्यांना वीजही पुरवतो, त्यामुळे आत उष्णता जास्त असते आणि पंखा तिच्यासाठीच आहे. तो अवघा ४० मिमीचा, म्हणून पुरेशी हवा ढकलायला वेगाने फिरावं लागतं. शिट्टी त्याचीच.

पंखा बदलता येतो. जुन्यावरचं लेबल वाचा : माप (बहुधा ४०×४०×१० मिमी) आणि व्होल्ट (१२ की ५). नॉक्टुआचा एनएफ-ए४×१० एफएलएक्स हा १२ व्होल्टचा पंखा ४५०० आरपीएमला १७.९ डेसिबल आवाज करतो. प्लग बहुतेक वेळा जुळत नाही. लाल लालला, काळी काळीला जोडा, पिवळ्या वायरला टेप लावून ती मोकळी ठेवा. हवेचा बाण जुन्या पंख्याच्याच दिशेने हवा. वॉरंटी चालू असेल तर झाकण उघडण्याआधी विचारून घ्या.

आमच्या मते मात्र तुमच्यासाठी खरा मार्ग वेगळा आहे. आयपी कॅमेऱ्यांच्या वायरी जिथे उतरतात तिथेच एनव्हीआर असायला हवा असं नाही. बेडरूममध्ये आठ पीओई पोर्ट आणि हॉलच्या केबलसाठी एक वेगळा पोर्ट असलेला बिनपंख्याचा स्विच ठेवा आणि तिथून एकच कॅट-६ केबल हॉलमध्ये न्या. १०० मीटरपर्यंत अडचण नाही. एनव्हीआर टीव्हीजवळ जाईल. स्विचची एकूण क्षमता बघून घ्या. रात्री इन्फ्रारेड दिवे लागल्यावर कॅमेरा ७ वॅटपर्यंत खातो असं धरलं तरी आठांचे ५६ वॅट झाले, म्हणून ८० वॅटच्या खाली जाऊ नका. एक गोष्ट आधीच लक्षात असू द्या : एनव्हीआरच्या मागच्या पोर्टवरून काढलेले कॅमेरे सहसा आपोआप दिसत नाहीत, आयपी पत्ता आणि पासवर्ड देऊन पुन्हा जोडावे लागतात. ते पासवर्ड बसवणाऱ्याकडेच राहून जातात. काम सुरू करण्यापूर्वी लिहून घ्या.

प्रश्न : कळव्याला राहतो. घरघर नाही, पण डीव्हीआर मध्यरात्री बीप-बीप करतो. बझर बंद करू का?

उत्तर : कारण बघून करा. मेनूत एक्सेप्शन किंवा अलार्म असा भाग असतो. नेट तुटल्याचा बझर खुशाल बंद करा. डिस्क भरल्याचा असेल तर ओव्हरराइट (जुन्या चित्रणावर नवं लिहिणं) चालू करा, बीप थांबेल. डिस्क एररचा मात्र चालूच ठेवा. त्याबरोबर ठरावीक अंतराने टक-टक ऐकू येत असेल तर डिस्क शेवटच्या घटका मोजतेय. त्याच दिवशी महत्त्वाचं चित्रण उतरवा. डिस्क नवी घ्याल तेव्हा डीव्हीआरला छोटा यूपीएसही लावा. पावसाळ्यात वीज येते-जाते, तेव्हा लिहिता लिहिता थांबलेली डिस्क त्यातूनच खराब होत जाते.

प्रश्न : खारघर. बेडरूममधल्या सेट-टॉप बॉक्सला यूएसबी रेकॉर्डिंग आहे. पेनड्राइव्ह लावू की हार्ड डिस्क?

उत्तर : बॉक्स स्वीकारत असेल तर यूएसबी एसएसडी. एचडी वाहिनी ८ एमबीपीएसची धरली तर तासाला ३.६ जीबी लागतात. स्वस्त पेनड्राइव्हचा लिहिण्याचा वेग मध्येच पडतो आणि चित्र अडखळतं. केलेलं रेकॉर्डिंग साधारणपणे त्याच बॉक्सवर दिसतं, लॅपटॉपवर उघडत नाही.