आपल्या परिसरात व्हीगन राहणीचा प्रसार एकट्या माणसाने कसा करावा?

मी कोल्हापूरचा. जिथे संध्याकाळी कट्ट्यावर म्हशी आणून उभ्या करतात आणि गिऱ्हाईक तिथंच उभ्या-उभ्या फेसाळ धारोष्ण दुधाचा ग्लास रिकामा करतं, त्या गावात मी चार वर्षांपूर्वी दूध सोडलं आणि व्हीगन झालो, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीच खात-पीत नाही. त्यामुळे काय जमतं यापेक्षा काय फसतं हे मी जास्त खात्रीने सांगू शकतो.

पहिलं वर्ष वाद घालण्यात गेलं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गोठ्यांचे व्हिडिओ टाकले. एकानेही दूध सोडलं नाही. वरच्या मजल्यावरचे काका मात्र जिन्यात गाठून म्हणाले, "दूध प्यायचं नाही तर कोल्हापुरात राहतोस कशाला?"

गाडी रुळावर आली ती शेंगदाण्याच्या दह्याने. वाटीभर शेंगदाणे रात्री भिजत घालायचे, सकाळी सालं काढून तीन वाट्या पाण्यात बारीक वाटायचे आणि गाळायचे. ते दूध ढवळत राहून उकळायचं, नाहीतर बुडाला लागतं. कोमट झालं की हिरव्या मिरचीचे पाच-सहा देठ टाकून झाकून ठेवायचं. पुढच्या वेळी याच दह्याचं विरजण लावलं की जास्त घट्ट होतं. शेंगदाण्याचा वास थोडा राहतोच. आलं, जिरं, कोथिंबीर घालून ताक केलं तर तो जाणवत नाही. साखर घालून खायला दिलंत तर लगेच पकडले जाल.

आईच्या भिशीत एकादशीच्या दिवशी हे ताक ठेवलं. एक काकू ग्लास संपवून म्हणाल्या, "अरे, हे तर उपवासाला चालतं की!" माझ्या सगळ्या व्हिडिओंनी जे केलं नाही ते या एका वाक्याने केलं. त्यातलं कुणी व्हीगन झालेलं नाही, पण तीन घरांत आता हे दही लागतं. म्हणून म्हणतो, १ नोव्हेंबरच्या जागतिक व्हीगन दिनाची वाट बघू नका. आपल्याकडे महिन्याला दोन एकादश्या येतात.

एक चूक सांगतो. एकदा गंमत म्हणून न सांगताच वाढलं. शेजारच्या वहिनींनी नंतर चांगलंच झापलं, कारण त्यांच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. तो ताक प्यायला नव्हता म्हणून निभावलं. तेव्हापासून भांड्यावर चिठ्ठी असते.

हॉटेलात 'व्हीगन' म्हटलं की पनीर येतं. "दूध, दही, तूप, लोणी, मध चालत नाही" असं सरळ सांगा. आमच्या कोपऱ्यावरच्या मिसळवाल्याला हे कळल्यावर तो म्हणाला, "मग आमची मिसळ चालते की, फक्त दही घेऊ नका." झुणका, भरली वांगी, मटकीची उसळ, सोलकढी हे सगळं मुळात व्हीगनच आहे, फक्त वरून तूप-लोणी सोडू नये. पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून मात्र फसू नका, त्यात दूध असू शकतं. २०२२च्या नियमांनंतर व्हीगन पदार्थांसाठी वेगळं चिन्ह आलं आहे.

आणि 'व्हीगन म्हणजे एकदम शुद्ध शाकाहारी' असं कधीच समजावू नका. तांबडा-पांढरा खाणाऱ्या माणसाला ते जातीवर गेल्यासारखं वाटतं, आणि त्यात त्याची चूक नाही.

सगळ्यात अवघड म्हणजे गोठेवाले. माझ्या मामाकडे दोन म्हशी आहेत. दर दहा दिवसांनी येणाऱ्या दूधबिलावर मामीचा किराणा भरतो. त्यांच्यापुढे 'क्रूरता' हा शब्द मी उच्चारत नाही. एकदाच विचारलं होतं, ट्रॅक्टर आल्यापासून नर रेडकाचं करता काय? मामा तंबाखू मळत बसला. मीही पुन्हा विचारलं नाही.

राहिली तब्येत. बी-१२ जीवनसत्त्वाची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या, वर्षातून एकदा रक्त तपासा. लोक तुमच्या ताटाआधी तुमच्या तोंडाकडे बघतात. तुम्ही जरा वाळलात की पहिला फोन तुमच्या आईला जातो.